फांदीचा दोर आणि माणसाचा दोर

मानवी संस्कृतीचा इतिहास सांगताना आपले इतिहासकार अवजारांची नावे मोठ्या आदराने घेतात. नांगर येतो, चाक येते, तलवार येते, जाते येते. दोर मात्र येत नाही. याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की दोर कुजतो. दगडाची कुऱ्हाड हजारो वर्षांनी जमिनीतून जशीच्या तशी निघते, पण अंबाडीचा दोर उघड्यावर टाकला तर थोड्याच पावसाळ्यांत मातीला मिळतो. दुसरे कारण असे की दोर वळणारे हात हे लिहिणारे हात नव्हते. महाराष्ट्रात दोर वळणे हे मांगाचे काम मानले गेले आणि मांगाला अक्षराची बंदी होती. पहिले कारण निसर्गाचे आहे, दुसरे समाजव्यवस्थेचे. इतिहासाच्या अभ्यासकाने पहिल्याची खंत करावी आणि दुसऱ्याचा जाब विचारावा, असे मला वाटते.

एक उदाहरण आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले आहे. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे सिंहगडाचा कडा दोराने चढून गेले. दंतकथेने यशवंती नावाची एक घोरपड त्या कड्यावर चढवली आणि तिचे नाव साडेतीनशे वर्षे जपून ठेवले. परतीचे दोर कापले, हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. पण तो दोर कोणी वळला? किती पेडी होता? एका वेळी किती मावळ्यांचा भार सोसत होता? घोरपडीला नाव आहे, दोर वळणाऱ्याला नाही. आमच्या इतिहासलेखनाची रीत या एका गोष्टीत स्पष्ट दिसते.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझे आजोबा दोर वळत, वडील शेतमजूर होते आणि थोरले चुलते शहरात झाडे छाटण्याच्या कामावर गेले. म्हणून दोराचा इतिहास हा माझ्यासाठी केवळ जुन्या वस्तूंचा विषय नाही. आज शहरांत पावसाळ्याच्या तोंडावर झाडांवर माणसे चढतात, फांद्या तोडतात, दोराने खाली सोडतात. हे काम जगात इतरत्र एक शास्त्र मानले जाते. त्याचे दोर, कप्प्या, पट्टे, गाठी यांचे प्रमाण ठरलेले आहे. आपल्याकडे ते अंगमेहनतीच्या शेवटच्या पायरीवरचे काम आहे. ज्या समाजाने शेकडो वर्षे महाराष्ट्राला दोर पुरवला, त्यातली माणसे आज झाडावर दोराशिवाय का चढतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम दोर म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. वनस्पतीचा एक तंतू हातभर, फार तर पुरुषभर लांब असतो. असे आखूड तंतू जोडून शंभर हातांचा दोर होतो आणि त्यात कुठेही डिंक नाही, खिळा नाही, टाका नाही. तो केवळ पिळावर टिकतो. तंतू एका बाजूला पिळले की सूत होते. अनेक सुते उलट्या बाजूला पिळली की पेड होतो. तीन पेड पुन्हा पहिल्या बाजूला पिळले की दोर होतो. प्रत्येक पीळ सुटायला बघतो, पण एकाचे सुटणे हे दुसऱ्याचे आवळणे असते. त्यामुळे दोर ओढावा तितके तंतू एकमेकांना अधिक घट्ट धरतात. पुस्तकात याला बलांचा समतोल म्हणतात. माझे आजोबा याला ‘पिळाने पीळ धरणं’ म्हणत. त्यांना सही करता येत नव्हती, पण कोणत्या पेडाला किती पीळ द्यायचा, कुठे थांबायचे, जास्त पीळ बसला की दोर कसा कुरकुरतो आणि आतून तुटतो, हे ते बोटांनी ओळखत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण उर्मट माणसाला लावतो. मुळात ती कोणा दोर वळणाऱ्याने किंवा त्याच्या शेजारी बसून पाहणाऱ्याने केलेली बारीक नोंद आहे.

तंतू निवडणे हे वेगळे ज्ञान होते. ताग आणि अंबाडी कापून, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या. कमी कुजले तर साल सुटत नाही, जास्त कुजले तर तंतूच मरतो. ते पाणी असे घाण मारते की गावाने ही जागा वेशीबाहेरच ठेवली आणि मग तिथे राबणाऱ्यालाच घाणेरडा ठरवले. घायपाताची पाने ठेचून, खरवडून वाख काढायचा. त्याच्या रसाने हातांना खाज सुटते, कातडी सोलते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. घायपात ही वनस्पती मूळची आपल्याकडची नाही. ती अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडची. युरोपीय लोक समुद्रमार्गे येऊ लागल्यानंतर ती इकडे आली आणि पुढे बांधावर व रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून लावली गेली. म्हणजे मांगवाड्यातल्या हातांनी एक परदेशी वनस्पती पारखली, तिचा तंतू काढण्याची रीत बसवली आणि तिचे दोर गावाला दिले. परंपरागत धंदा म्हटले की आपले अभ्यासक डोळ्यांसमोर एक गोठलेली, न बदलणारी गोष्ट आणतात. इथे तर प्रयोग आहे, परीक्षा आहे, निष्कर्ष आहे. विज्ञान आणखी कशाला म्हणायचे?

या ज्ञानाचा गावगाड्याशी संबंध काय होता? बलुतेदारांच्या याद्या प्रांतागणिक बदलतात, पण मांगाचे नाव त्यांत बहुधा असतेच आणि कित्येक याद्यांत ते सुतार, लोहार, महार यांच्यासोबत थोरल्या ओळीत येते. म्हणजे ज्यांच्यावाचून शेती एक दिवस चालत नाही अशांत त्याची गणना होती. मोटेचा नाडा आणि सोंदूर, बैलाची वेसण आणि कासरा, गाईचे दावे, गाडीवरच्या पेंढ्या आवळायचे चऱ्हाट, घरातले शिंके, राखणीची गोफण ही सगळी त्याच्या हातची. पोळ्याच्या सणाला बैलाच्या अंगावर नवी वेसण आणि नवा कासरा चढे तोही मांगाच्या हातचा. मोबदला म्हणून खळ्यावर पेंढ्या आणि सुपात दाणे. किती द्यायचे हे देणाऱ्याच्या मर्जीवर.

आता विहिरीपाशी येऊ. मोटेचे कातडे ढोराने कमावलेले असे, मोट चांभाराने शिवलेली असे, नाडा मांगाने वळलेला असे. ही मोट आणि हा नाडा दिवसभर विहिरीच्या पाण्यात बुडत होता आणि ते पाणी सगळा गाव पीत होता. त्या पाण्याला विटाळ झाला नाही. विटाळ झाला तो नाडा वळणारा माणूस ओंजळ घेऊन वाकला तेव्हा. म्हणजे विटाळाचा सिद्धांत हा स्पर्शाचा सिद्धांत नव्हताच. तसा असता तर दोरही बाटला असता. तो हक्काचा सिद्धांत होता. वस्तू घ्यायची, वस्तू करणाऱ्याला हक्क द्यायचा नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली तेव्हा हा सिद्धांत त्यांनी जगासमोर उघडा पाडला. पुढे १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणग्रंथात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची, आणि तीही उतरंडीने केलेली विभागणी आहे. दोराच्या बाबतीत याचा अर्थ मला असा दिसतो की दोर करणारा आणि दोर वापरणारा यांच्यात व्यवस्थेने भिंत घातली. वापरणाऱ्याला काय हवे आहे, दोर कुठे झिजतो, कुठे तुटतो, हे करणाऱ्याने शेतावर उभे राहून विचारावे, दोघांनी मिळून अवजार सुधारावे, असा बरोबरीचा संवाद या भिंतीने होऊच दिला नाही. त्यामुळे ज्ञान टिकले, पण वाढले नाही.

सत्तेलाही दोर लागत होता, हे विसरून चालणार नाही. फाशी देण्याचे काम मांगाकडे लावलेले होते. न्यायनिवाडा करणारे वेगळे, हुकूम देणारे वेगळे आणि गळ्यात दोर अडकवणारा मात्र मांग. हत्येचा हुकूम पवित्र राहिला आणि हुकूम पाळणारा अमंगळ ठरला.

१८५५ हे साल मला या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन फोर्ब्ज रॉईल या वनस्पतिशास्त्रज्ञाचा हिंदुस्थानातील तंतुमय वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रशियाशी क्रिमियाचे युद्ध चालू होते. इंग्रजांच्या जहाजांना लागणारा दोराचा ताग मोठ्या प्रमाणात रशियाहून येत असे. तो अडल्यावर त्याच्या जागी हिंदुस्थानातला कोणता तंतू चालेल, हा प्रश्न तातडीचा झाला होता. रॉईलने ताग, अंबाडी, काथ्या, घायपात यांसारख्या अनेक तंतूंची माहिती दिली, कोणता तंतू किती वजनाला तुटतो याच्या चाचण्या नोंदवल्या. आणि त्याच १८५५ साली, फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत, ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकत होती आणि अवघ्या चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आणि ज्या धर्माचे पुस्तक आम्हाला पाहूही दिले जात नाही तो धर्म आमचा कसा, अशा आशयाचा प्रश्न विचारला.

ही दोन लिखाणे मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. एकीकडे साम्राज्याच्या गरजेपोटी आमच्या तंतूची ताकद पौंडांत मोजली जात होती. तंतू किती भार सोसतो याची नोंद होत होती. दुसरीकडे तो तंतू वळणाऱ्यांच्या घरातली एक मुलगी माणूस किती भार सोसतो याची नोंद करत होती. पहिली नोंद ग्रंथालयांत गेली. दुसरी शंभर वर्षांहून अधिक काळ अभ्यासकांच्या नजरेआडच राहिली. मुक्ताने दोराविषयी लिहिले नाही, हे खरे. पण दोर वळणाऱ्यांपैकी कोणी तरी लिहू शकते हे तिने सिद्ध केले होते. तिच्यासारख्या शंभर मुली पुढे शिकल्या असत्या तर दोराचे शास्त्रही मराठीत लिहिले गेले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढची शंभर वर्षे धंदा गावात चालू राहिला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो कोसळला. विहिरींवर तेलाची आणि विजेची इंजिने आली, मोट गेली, मोटेबरोबर नाडा गेला. १९५८ साली मुंबई राज्याने गावकामाची कनिष्ठ वतने नाहीशी करण्याचा कायदा केला आणि गावगाड्याचा जुना बांधा खिळखिळा झाला. १९७२ च्या दुष्काळात दोरवाले आणि दोर वापरणारे दोघेही खडी फोडायला गेले. शिवाय नवा दोर बाजारात आला. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स याच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. पॉलिप्रॉपिलीन १९५० च्या दशकात आले. हे दोर कुजत नव्हते, हलके होते, स्वस्त होते. तालुक्याच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या निळ्या-पिवळ्या दोरीपुढे अंबाडीचा दोर टिकणे शक्य नव्हते.

यावर हळहळणारे लोक मला भेटतात. ग्रामीण कला लोपली, असे ते म्हणतात. त्यांना मी एवढेच सांगतो की सुपातल्या दाण्यांसाठी हात सोलून घेण्यात कला पाहणे हे पाहणाऱ्याला परवडते. आमच्या आजोबांनी वडिलांना मुद्दाम दोर शिकवला नाही. तो निर्णय योग्यच होता. जातीचा धंदा सुटणे ही मुक्तीच आहे. प्रश्न वेगळा आहे. धंदा सुटला, पण त्या धंद्यातले ज्ञान कुठे गेले? ते नव्या जगात अभियांत्रिकी म्हणून आमच्या मुलांच्या हाती आले का? की जात तेवढी मागे राहिली आणि ज्ञान तेवढे पुसले गेले?

याच काळात दुसऱ्या देशांत दोराचे काय झाले हे पाहिले की फरक स्पष्ट होतो. जॉन डेव्ही हा इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झालेला माळी. १९०१ साली त्याने ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. झाड आजारी पडते, त्याची छाटणी जखमेवरच्या शस्त्रक्रियेसारखी केली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. झाडावर चढणाऱ्याला त्याने वैद्याचे नाव दिले. चढण्यासाठी दोर आणि गाठी आल्या त्या बव्हंशी शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांकडून. हे खलाशी काही विद्वान नव्हते. गरीब, अर्धशिक्षित, कष्टकरी माणसे होती. पण त्यांच्या गाठींची नावे नोंदली गेली. १९४४ साली क्लिफर्ड अ‍ॅशले याचा गाठींचा कोश निघाला, त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने एक गाठ प्रसिद्ध केली. जाड दोरावर बारीक दोरीचे वेढे घेऊन मारलेली ही गाठ मोकळी असताना हाताने वर सरकवता येते आणि भार पडला की जागच्या जागी आवळून धरते. आज त्या गाठीला त्याचे नाव आहे. आमच्याकडे वेसणीची गाठ, नाड्याची गाठ, शिंक्याची गाठ यांनी शतकानुशतके काम केले, पण एकाही गाठीला ती मारणाऱ्याचे नाव लागले नाही.

आज वृक्षकामात जे साहित्य वापरतात त्याची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे. चढणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टा असतो. दोर उंचावरच्या भक्कम बेचक्यातून किंवा तिथे अडकवलेल्या कड्यातून ओवून दुहेरी केलेला असतो. दोराचे एक टोक पट्ट्याला बांधलेले असते आणि दुसऱ्या पदरावर घर्षणाने धरणारी गाठ असते. माणूस गाठ सरकवत वर जातो, हात सुटला तर गाठ आवळते आणि तो लोंबकळतो, पडत नाही. अमेरिकेत अशा कामाचे राष्ट्रीय सुरक्षा-प्रमाण १९७२ साली प्रथम छापले गेले. चढणाऱ्याचा दोर साधारणपणे अर्धा इंच जाडीचा आणि किमान २,४५० किलोंच्या आसपास ताण सोसणारा असावा, असे ते प्रमाण आज सांगते. ऐंशी किलोंच्या माणसाला एवढा दोर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की गाठ मारली की दोराची ताकद बरीच घटते, उन्हाने घटते, झिजेने घटते, आणि झटका बसला की ऐंशी किलोंचा भार कित्येक पट होतो.

फांदी खाली सोडण्यासाठी दुसरा दोर असतो. तो वरच्या बेचक्यातून किंवा कप्पीतून जातो आणि खाली बुंध्याला वेढे घेऊन एका माणसाच्या हाती असतो. एकेका वेढ्याने घर्षण वाढत जाते, म्हणून साधा माणूस आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओंडका हळूहळू उतरवू शकतो. हे दोन दोर कधीही एक करायचे नाहीत, हा या विद्येचा पहिला नियम आहे. फांदीचा दोर वेगळा, माणसाचा दोर वेगळा. तिथेही या कामात माणसे मरतात, हे मला माहीत आहे. तो तिथल्या अत्यंत धोक्याच्या कामांपैकी एक आहे. पण माणसाला स्वतःचा दोर असला पाहिजे, हे तिथे मान्य झाले आहे.

आता आपल्याकडचा दाखला देतो. माझे थोरले चुलते एका ठेकेदाराकडे झाडछाटणीला जात. हत्यारे म्हणजे कुऱ्हाड, कोयता, करवत, लांब काठीला बांधलेली आकडी आणि निळ्या दोरीचे एक भेंडोळे. ही दोरी आपण सरसकट नायलॉनची म्हणतो, पण बहुधा ती पॉलिप्रॉपिलीनची असते. ती गुळगुळीत असते, गाठ नीट धरत नाही, उन्हात वर्षभर राहिली की ठिसूळ होते आणि दोरीवर दोरी जोराने घासली तर उष्णतेने वितळू लागते. चुलत्यांनी हे कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. ते आजोबांच्या हाताखाली वाढले होते. ‘ह्या दोरीला पीळ नाही, ही गाठ सोडती,’ असे ते घरी बोलून दाखवत. म्हणजे ज्ञान होते. ते सांगण्याचा अधिकार नव्हता. दोरी ठेकेदार आणी.

२००६ सालच्या मे महिन्यात एका बंगल्यापुढच्या गुलमोहरावर ते चढले. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, हे सर्वांना ठाऊक आहे. खाली मोटार उभी होती आणि मालक घरात नव्हते. मोटारीवर फांदी पडू नये म्हणून फांदीला दोर बांधला होता. दोर एकच होता. चुलते ज्या फांदीवर उभे होते ती बुडातून मोडली. बांधलेली फांदी वर लोंबकळत राहिली, मोटारीला ओरखडाही गेला नाही. चुलते कुंपणाच्या भिंतीवर आदळले. कमरेखालचे शरीर गेले. पहिल्या आठवड्याचे औषधपाणी ठेकेदाराने केले. पुढे हजेरीपटावर त्यांचे नावच नव्हते, म्हणून भरपाईचा प्रश्नही उद्भवला नाही. नऊ वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. काकींनी त्यांना उठवण्या-बसवण्यासाठी आढ्याला एक दोर बांधला होता. तो दोर धरून ते कूस बदलत. तो अंबाडीचा होता आणि त्यांनी स्वतःच पडल्या पडल्या वळलेला होता.

मी ही घटना सहानुभूतीसाठी सांगत नाही. तिच्यातला हिशेब पाहावा असे मला म्हणायचे आहे. त्या दिवशी झाडाखाली मोटारीची किंमत ठरलेली होती, म्हणून तिच्यासाठी दोर होता. झाडावरच्या माणसाची किंमत ठरलेली नव्हती. महाराष्ट्रात १९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा झाला. वृक्ष प्राधिकरणे आली, झाड तोडण्यास परवानगी लागू लागली, झाडांची गणना सुरू झाली. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण त्या कायद्याचा विषय झाड आहे, झाडावर चढणारा नाही. झाडे मोजली जातात. त्यांवरून पडणारी माणसे कोण मोजतो? वर्तमानपत्रात एक ओळ येते, तीत बहुधा ‘मजूर’ असा शब्द असतो.

अवजारे का सुधारत नाहीत, याचे उत्तर मला केरळच्या एका उदाहरणात सापडते. नारळाच्या झाडावर चढणे हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक खालच्या मानलेल्या जातींचे काम होते. पायांत काथ्याचे वेटोळे आणि हातात कोयता, एवढ्यावर माणसे दिवसाला कित्येक झाडे चढत. पुढे त्यांची मुले शिकली, शहरांत आणि आखातात गेली. चढणारा मिळेना. नारळ झाडावरच वाळू लागले. तेव्हा कुठे पायाने दाबत चढायची यंत्रे पसरली. त्यांतले कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने बनवलेले विशेष प्रसिद्ध झाले. २०११ साली नारळ विकास मंडळाने तरुणांना असे यंत्र देऊन चढण्याचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यांना विमाही दिला. स्त्रियाही हे काम शिकल्या. शेकडो वर्षे जे सुचले नाही ते थोड्या वर्षांत सुचले. बुद्धी त्याआधीही होती. गरज नव्हती, कारण पडणाऱ्या माणसाच्या जागी दुसरा माणूस स्वस्तात मिळत होता. माणूस महाग झाला तेव्हा अवजार सुधारले.

हा केवळ केरळचा नियम नाही. जातिव्यवस्थेने माणूस स्वस्त ठेवला, म्हणून तिच्या छायेखालची अवजारे जुनीच राहिली. गटारात उतरणाऱ्याच्या हाती बादली राहिली, झाडावर चढणाऱ्याच्या हाती कोयता राहिला. आपल्या समाजाला यंत्रे करता येत नाहीत असे नाही. कोणाच्या जिवासाठी ती करायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो.

आपल्या चळवळीनेही या बाजूला पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. आपण जातीच्या धंद्यांना नकार दिला, तो दिलाच पाहिजे होता. पण नकार देताना त्यांतल्या विद्येची नोंद करण्याचे काम आपण दुसऱ्यांवर सोडले, आणि दुसऱ्यांनी ते केले नाही. मातंग वस्त्यांत आज सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्यांच्या बोटांत अजून पीळ आहे. तंतू, पेड, गाठी, त्यांची नावे, त्यांची परीक्षा हे सगळे त्यांच्याकडून लिहून घेतले पाहिजे. दोर पुन्हा वळायला लावण्यासाठी नव्हे. ही विद्या होती आणि ती आमची होती, हे कागदावर यावे म्हणून. माझ्या वर्गातली काही मुले-मुली हे काम सुट्टीत करू लागली आहेत. त्यांच्या वह्यांत आतापर्यंत गाठींची तेवीस नावे जमली आहेत.

दुसरे काम याहून तातडीचे आहे. दर उन्हाळ्यात गावोगावच्या नगरपालिका झाडछाटणीच्या निविदा काढतात. मी आमच्याकडची एक निविदा वाचली. फांद्या किती दिवसांत उचलायच्या, पाला कुठे टाकायचा, वाहनांचे नुकसान झाल्यास दंड किती, हे सर्व तीत आहे. चढणाऱ्याचा पट्टा, त्याचा स्वतंत्र दोर, त्याचे शिरस्त्राण, त्याचे प्रशिक्षण, त्याचा विमा, हजेरीपटावर त्याचे नाव, यांतले एकही नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची निविदा मागवून वाचावी आणि तीत हे शब्द लिहून घ्यावेत. ते लिहिले जात नाहीत तोवर खालच्या माणसाने एक गोष्ट करावी. झाडावर कोणी चढू लागला की त्याला विचारावे, हा दोर फांदीचा आहे की तुझा? आणि त्याचा नसेल तर त्याला उतरवावे.